वाव की योद

सिनेगॉगमध्ये सेफेर तोरा, म्हणजे कातड्यावर हाताने लिहिलेली तोराची गुंडाळी, वाचली जात होती. तिसऱ्या आलियात, म्हणजे वाचनाच्या तिसऱ्या भागात, काका आपल्या शेवटच्या वाक्यात थांबले, आणि मला वाटलं, विसरले. मी हळूच पुढचा शब्द सांगितला, "वेसावाअता." ते गप्प. चांदीची दांडी त्या शब्दाच्या पहिल्या अक्षराखाली, हिब्रू वावखाली, धरून नुसते उभे. मागून दोघातिघांनी तोच शब्द मोठ्याने म्हटला. हे वाक्य आमच्याकडे पोराटोरांनाही पाठ असतं, जेवणानंतरच्या प्रार्थनेत येतं ते: तू खाशील, तृप्त होशील आणि त्या चांगल्या देशाबद्दल देवाचा धन्यवाद करशील. काका माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "हा वाव मला दिसत नाहीये."

आमचं सिनेगॉग रायगड जिल्ह्यात आहे. जुनी बेने इस्राएल, म्हणजे इथली ज्यू, माणसं त्याला अजून मशीदच म्हणतात. १९४८ नंतर इस्राएलला गेलेली कुटुंबं वजा केली, तर शब्बाथला, म्हणजे शनिवारी, मिन्यानसाठी, सामूहिक प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुष जमवायलाच फोन करावे लागतात. सात आलियांना सात जण बोलवायचे, पण सेफेरमधून प्रत्यक्ष वाचणारा एकच, हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, म्हणून मी. म्हणून रविवारी मोठ्यांचा वर्ग सुरू केला. काका त्यातले सगळ्यात वडील, पासष्ट पूर्ण. त्यांनी आठ महिने घालवले ते या सात वाक्यांसाठी, तोराच्या पाचव्या पुस्तकातली, अनुवाद ८:४ ते ८:१०.

सेफेर तोरा वाचायला अवघड का, ते बाहेरच्याला सांगावं लागतं. त्यात स्वरचिन्हं नाहीत, विरामचिन्हं नाहीत, सुरांच्या खुणा नाहीत. घरी 'तिक्कून' घेऊन तयारी करायची. त्यात एका बाजूला सगळ्या खुणांसकट मजकूर, दुसऱ्या बाजूला सेफेरमध्ये असतो तसा उघडा मजकूर. खुणांच्या बाजूने पाठ करायचं आणि उघड्या बाजूने स्वतःची परीक्षा घ्यायची. याच वाक्यात पहिल्या दोन शब्दांना जोडलेला वाव 'वे' वाचायचा आणि तिसऱ्याचा 'उ', कारण त्याच्यापुढे ओष्ठ्य अक्षर आहे. अक्षर तेच, कागदावर काही फरक नाही.

वर्गात पहिले दोन महिने मी शब्द वाचूच देत नाही. फक्त फसवणाऱ्या जोड्या: दालेत-रेश, बेथ-खाफ, हे-हेथ, आणि सगळ्यात वाईट म्हणजे वाव-योद. डोकं दोघांचं सारखंच. योदचा पाय आखूड, वावचा लांब खाली उतरलेला. मराठी माणसाला एक गोष्ट सोपी जाते. सोफेर, म्हणजे सेफेर लिहिणारा, कातड्यावर शाईविना बोथट टोकाने रेघ ओढतो आणि अक्षर त्या रेघेला खाली लटकवतो, आपल्या शिरोरेषेसारखं. देवनागरीत लिहिलेल्या प्रार्थना मोबाइलवर पाठवा, असं मला दर आठवड्याला कोणीतरी सांगतं. मी पाठवत नाही. आलेफ आणि आइन दोन्ही 'अ' झाले की माणूस पुन्हा अक्षराकडे बघत नाही.

तर काकांचा वाव. आमची सेफेर लाकडी तिकमध्ये, म्हणजे उभ्या पेटीत, असते, उभ्यानेच वाचतात. बाहेर पाऊस, शब्बाथला नवा दिवा लावायचा नाही, उजेड खिडकीतून तिरका येत होता. मी वाकून पाहिलं. पायाचा वरचा थोडा भाग काळा, त्याखाली शाईची फक्त फिकट तपकिरी सावली. सावलीला अक्षर म्हणत नाहीत.

अशा वेळी नियम ठरलेला आहे. फार हुशार नाही आणि अगदी मंदही नाही असं मूल बोलवायचं, ज्याला अक्षरं येतात पण अर्थ कळत नाही. मोठ्यांना विचारून उपयोग नाही, त्यांना वाक्य पाठ असतं. आठ वर्षांचा एक मुलगा होता. मागचीपुढची अक्षरं झाकून त्याला विचारलं, हे कुठलं? "योद," तो लगेच म्हणाला.

संपलं. ३,०४,८०५ अक्षरांपैकी एक गेलं की ती सेफेर वाचनाला बाद. काकांना तिथेच थांबवलं. पट्टा तिकच्या बाहेरून बांधला, म्हणजे चुकून पुन्हा कोणी काढणार नाही, आणि हेखालमधून, म्हणजे सेफेर ठेवायच्या कपाटातून, दुसरी आणली. ती मागच्या शब्बाथ रोश होदेशपासून, म्हणजे महिना सुरू होण्याच्या शब्बाथपासून, गणना या चौथ्या पुस्तकाच्या २८व्या अध्यायावर उभी होती. तिथून अनुवादाच्या ८व्यापर्यंत गुंडाळायला दोघं लागले. घाई केली तर कातड्याला घडी पडते आणि टाक्यांवर ताण येतो. मग काकांनी त्याच वाक्यापासून पुढे वाचलं. सुरुवातीची बेराखा, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना, पुन्हा म्हणायची नसते, शेवटची म्हणायची. त्यांचा आवाज कापत होता, पण एकही अक्षर चुकलं नाही.

मला सोडत नाही ती गोष्ट ही आहे. आदल्या दिवशी, शुक्रवारी, ती जागा मीच काढून ठेवली होती. त्या स्तंभावरून माझी नजर गेली होती. मी जागा शोधत होतो, अक्षर बघत नव्हतो. तोरा एक अक्षरही पाठ म्हणून वाचायची नाही, हे मीच वर्गात शिकवतो. ते वाक्य वर्षातून क्वचितच वाचलं जातं. गेल्या वर्षी तिथे पाय होता की मी नसलेला पाय वाचला, ते आता कळायला मार्ग नाही.

शाई का उडते, ते मात्र कळतं. मायफळ, हिराकस आणि डिंक यांची ती शाई कातड्यात फार मुरत नाही, वर थर होऊन बसते. पावसाळ्यात कातडं ओल घेऊन फुगतं, ऑक्टोबरच्या उन्हात आकसतं. थर त्याच्याबरोबर ताणला जात नाही, तडकतो. आमच्या लोकांनी हेखालला नवे पडदे शिवून घेतले, मखमल उत्तम आहे, पण सिलिका जेलच्या पिशव्या बदलायच्या कोणाच्या लक्षात राहत नाहीत. पडदा दिसतो, पिशवी दिसत नाही.

दुरुस्ती अवघड नाही. तेफिलीन (प्रार्थनेच्या वेळी अंगावर बांधायच्या पेट्या) आणि मेझुझा (दाराच्या चौकटीवरचा लेख) यांची अक्षरं क्रमानेच लिहावी लागतात, सेफेरला ते बंधन नाही, म्हणून सोफेर नुसता पाय पुरा करू शकतो. पण बाद सेफेर दुरुस्तीविना ३० दिवसांपेक्षा जास्त ठेवायची नाही, आणि सोफेर आमच्या गावात नाही. दुसरीकडून येणार, त्याचं तिकीट, राहणं. समितीच्या बैठकीत एक जण म्हणाला, एवढ्याशा रेघेसाठी? मी उठून त्याला तिक्कून दिलं आणि ते वाक्य वाचायला सांगितलं. पैसे मंजूर झाले.

सोफेर यायच्या आधी जमेल तेवढी सेफेर तपासून ठेवतोय. ४२ ओळींचा एक स्तंभ, असे २४५. रविवारी वर्ग झाला की काका सेफेरमधलं एकेक अक्षर नाव घेऊन म्हणतात आणि मी तिक्कूनमध्ये बोट ठेवून जुळवतो. उजेड बाजूने पाडतो, उडत आलेली शाई तशी लवकर दिसते. तासाभरात तीन स्तंभ होतात, चौथ्याला डोळे दमतात. परवा काका पुन्हा थांबले. दालेत म्हणायचा, पण कोपरा त्यांना गोल वाटला, रेशसारखा. मी बॅटरी घेऊन बघितलं, शेजारच्या मुलाला बोलावलं. दालेतच होता. काकांनी मान हलवली आणि पुढचं अक्षर म्हटलं.