परत परीक्षेचे पैसे

आखाजी (अक्षय तृतीया) आटोपली, मामाच्या गावाला गेलेली पोरं परत आली आणि त्यानंतरच्या रविवारी आमची बेल्टची परीक्षा होती. अमळनेरात मे महिन्यात नऊनंतर पत्र्याखाली उभं राहवत नाही, आणि माझा कराटे क्लास म्हणजे बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारातलं पत्र्याचं गोदाम. अर्ध्यात मॅट, अर्ध्यात नुसती फरशी. म्हणून सकाळी साडेसहालाच चाळीस पोरं रांगेत उभी केली.

नवीन पोरांना दाखवायला मी आधी माझ्या चार ग्रीन बेल्टना पुढे काढलं. म्हटलं, हेइआन शोदान करा. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका. शोतोकान या कराटेच्या शैलीतला हा अगदी सुरुवातीचा काता, २१ हालचालींचा. त्यात तिसऱ्या वरच्या ब्लॉकवर किआई, म्हणजे जोराची आरोळी, येते आणि लगेच २७० अंशांचं वळण. गंमत अशी की उलट्या बाजूने ९० अंश फिरलं तरी तोंड त्याच दिशेला येतं. म्हणून कच्ची पोरं तिथे जवळचा रस्ता धरतात. चारपैकी दोघं तसंच फिरले. दोन वर्षं माझ्या हाताखाली असलेली पोरं. त्यांच्या कमरेचा हिरवा बेल्ट मीच बांधला होता. मागे पालक बसले होते, त्यांना काही कळलं नाही. माझा चेहरा मात्र तापला, आणि तो उन्हाने नव्हता.

जळगावहून आलेले परीक्षक सर माझ्या शेजारी होते. एखादं पोर काठावर असलं की ते माझ्याकडे बघतात. ती नजर मला चांगली ओळखीची आहे: गिऱ्हाईक तुमचं, तुम्हीच सांगा. पाच वर्षं मी मान डोलावत आले. त्या दिवशी सहा वेळा डोलावली नाही.

सहा नापास. आमच्या क्लासात हे कधी घडलंच नव्हतं. एका वडिलांनी पोराचा ड्रेस जागेवरच उतरवायला लावला आणि बनियनवर त्याला गाडीवर बसवून नेलं. एका आईने सगळ्यांदेखत विचारलं, “मग सातशे रुपये कशाचे घेतले?” मी म्हटलं, परीक्षेचे. त्यावर ती हसली. ते हसणं रागावण्यापेक्षा वाईट होतं.

सहांमध्ये आप्पांची मुलगी होती. दहा वर्षांची, पिवळ्यावरून केशरीला बसलेली. आप्पांचं किराणा दुकान आहे, आजूबाजूच्या खेड्यांतलं अर्धं गिऱ्हाईक उधारीवर. संध्याकाळी ते गोदामावर आले तेव्हा मी एकटीच मॅट गुंडाळत होते. मनाशी उत्तरं जुळवून ठेवली होती.

“मॅडम, पोर नापास व्हयनी त्यानं काही नही,” आप्पा म्हणाले. “परत परीक्षा देवाले परत पैसा लागतीन का?”

मी हो म्हटलं. नियम तसाच होता.

मग ते अहिराणीवरून साध्या मराठीवर आले. हिशोबाचं बोलायचं असलं की ते तसंच बोलतात. “म्हणजे पास केलं तरी तुम्हाला पैसे, नापास केलं तरी पैसे. मग माझी पोरगी खरंच कच्ची आहे, हे मी कशावरून मानू?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आधी जुळवलेलं एकही उत्तर या प्रश्नाचं नव्हतं.

त्यांनी फीची वही मागितली. दुसऱ्या कुणी मागितली असती तर दिली नसती. दुकानात वहिनींनी चहा टाकला आणि आम्ही गोणींच्या मध्ये स्टुलावर बसून दोन तास ती वही वाचली. नावं ६२. महिन्याला खरोखर फी देणारे सरासरी ३८, चारशेप्रमाणे १५,२००. गोदामाचं भाडं ६,०००, लाइट आणि साफसफाई १,२००, लहान पोरांना शिकवणाऱ्या ब्राऊन बेल्टच्या पोराचे ३,०००. उरले पाच हजार. दर चार महिन्यांनी परीक्षा, चाळीस पोरं. बेल्ट, सर्टिफिकेट, परीक्षकांचं येणंजाणं धरून एका पोरामागे खर्च २५०, म्हणजे सातशेतले ४५० माझे. महिन्यावर पसरले की साडेचार हजार. क्लासमधली माझी जवळपास निम्मी कमाई परीक्षेची होती. आकडे माझेच, वहीही माझीच, पण ते कधी एकाखाली एक मांडले नव्हते.

“हे रंग कोणी ठरवले?” त्यांनी मध्येच विचारलं. मी सांगितलं की पट्ट्यांची पद्धत कराटेने ज्युदोकडून उचलली. शोतोकानचे संस्थापक फुनाकोशी यांनी कराटेतले पहिले काळे पट्टे १९२४ साली दिले. आप्पा म्हणाले, “म्हणजे शिक्का. शिक्का विकत मिळतो असं बाजारात कळलं की मालाचा भाव पडतो.” मला शेजारच्या गावातला ‘दीड वर्षात ब्लॅक बेल्ट’चा फलक आठवला. त्याला मी इतकी वर्षं नावं ठेवत होते.

मग त्यांनी असं काही काढलं जे मला सुचलंच नसतं. वर्षभरात सोडून गेलेल्या १४ पोरांच्या नावांपुढे त्यांनी माझ्याकडून शेवटच्या परीक्षेची तारीख लिहून घेतली. अकरा जण बेल्ट मिळाल्यावर महिन्याभरात गेले होते. मी समजत होते की नापास केलं तर पोरं जातील. पोरं जात होती पास होऊन. बेल्ट मिळाला, फोटो काढला, पुढची परीक्षा चार महिन्यांनी, मग मधल्या काळात रोज यायचं कशाला? (पालकांचे प्रश्नही त्याच जातीचे: दहावीला सवलतीचे गुण मिळतात का, ऑलिंपिकमध्ये आहे का. टोकियोला होतं, पॅरिसला नव्हतं, हे सांगताना माझाच आवाज उतरतो.)

उरलेल्या तिघांची गोष्ट वेगळी होती. तिघंही खेड्यावरची, कापूसवाल्या घरांतली, तिघांची फी आषाढापासून थकलेली. मी पोळ्याच्या सुमाराला प्रत्येकाच्या घरी फोन केले होते. आप्पांनी कपाळाला हात लावला. “पोळ्याला कापूसवाल्याकडे पैसे मागतं का कुणी? बी-बियाणं, खत, फवारणी, सगळं जाऊन बसलेलं असतं. वेचणी होऊ द्या, दसरा-दिवाळीला माणूस आपण होऊन येतो. तुम्ही अवेळी मागितलं, त्याला तोंड दाखवायची लाज वाटली, आणि त्याने पोरगी बंद केली.” मी त्या तिघांना फीबुडवे समजत होते. एकीचा साइड किक अजून डोळ्यांपुढे आहे.

पान उलटता उलटता आप्पांचं बोट एका ओळीवर थांबलं. त्यांच्याच मुलीचं नाव. मार्च, एप्रिल बाकी, ८००. त्यांनी चष्मा सारखा केला आणि पुढचं पान काढलं. मीही काही बोलले नाही.

जूनपासून मी फी ५५० केली आणि परीक्षेचे फक्त लागतील तेवढे २५०. नापास झालं तर परत परीक्षा फुकट. परीक्षेची ठरलेली तारीख काढून टाकली. पोर तयार झालं की बसेल. शेतकरी घरांसाठी सहा महिन्यांची फी दिवाळीनंतर एकदम. पहिल्या महिन्यात देणारे ३८ वरून ३१ वर आले. माझ्या हाती साडेनऊच्या जागी सात हजारही पडेनात. घरात नवऱ्याने काही विचारलं नाही, पण सकाळी दोन शाळांमध्ये शिकवायला जाते तिथे तिसरी शाळा मिळते का, हे मी गुपचूप बघून आले. ग्रीन बेल्टच्या त्या दोघांना बेल्ट तसाच ठेवून पुन्हा पहिल्या कात्यावर आणलं. एक टिकला, एक गेला. गेला त्याच्या आईने रस्त्यात भेटल्यावर ओळख दाखवली नाही.

श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या आदल्या आठवड्यात आप्पांची मुलगी म्हणाली, मॅडम, मी तयार आहे. पाऊस असा होता की पत्र्याखाली स्वतःचा श्वास ऐकू येत नव्हता. तिने सुरुवात केली. तिसरा वरचा ब्लॉक. किआई मला ऐकू आली नाही, फक्त उघडलेलं तोंड दिसलं. मग ती पूर्ण फिरली, लांबच्या बाजूने, मागचा पाय सरळ. पुढे एका ब्लॉकला कोपर ढिला होता. तेवढ्यावर मी थांबवलं नाही.

केशरी बेल्ट बांधून झाला तेव्हा आप्पा दारात छत्री झटकत होते. आत आले, वही मागितली, त्यांच्या ओळीवर बोट ठेवलं.

“मेमध्ये मी सातशे दिले. आता तुमचा दर अडीचशे. म्हणजे साडेचारशे माझे निघतात.”

“निघतात,” मी म्हटलं.

“आणि आठशे तुमचे.”

त्यांनी खिशातून ३५० रुपये काढून टेबलावर ठेवले, आणि मी लिहीपर्यंत तिथेच उभे राहिले.