काल्सीच्या वाटेवर, अमोघभूतीच्या शोधात

डेहराडूनहून विकासनगरमार्गे काल्सीला येणारे बहुतेक प्रवासी अशोकाचा शिलालेख पाहून पुढे चक्रात्याकडे निघतात. मला मात्र इथे अशोकाइतकेच आकर्षण होते ते प्राचीन काळी या भागात राज्य करणाऱ्या कुणिंदांचे. या डोंगरी राजांविषयी सलग इतिहास असा कोणी लिहून ठेवलेला नाही. महाभारतात युधिष्ठिराला पिपीलिक सोने (मुंग्यांनी उकरून काढलेले मानले जाणारे सोने) आणून देणाऱ्यांत त्यांचे नाव येते आणि ग्रीक विद्वान टॉलेमीच्या भूगोलात त्यांच्या प्रदेशाचा ओझरता उल्लेख आहे; बाकी जे कळते ते मुख्यतः नाण्यांवरून.

पुण्यातील एका संग्राहक स्नेह्यांनी त्यांच्याकडचे कुणिंद राजा अमोघभूतीचे चांदीचे नाणे निघण्यापूर्वी मला भिंगाखाली निवांत पाहू दिले होते. जेमतेम दोन ग्रॅमचा तो तुकडा! एका बाजूला हरिण, त्याच्यासमोर कमळ धरलेली स्त्री (बहुतेक अभ्यासक तिला लक्ष्मी मानतात) आणि कडेने ब्राह्मी लिपीत ‘राज्ञः कुणिंदस अमोघभूतिस महरजस’. दुसऱ्या बाजूला सहा कमानींचा पर्वत, कठड्यातले झाड, स्वस्तिक, खाली नदीची नागमोडी रेघ आणि भोवती खरोष्ठी, म्हणजे वायव्येकडील जुन्या लिपीतली, अक्षरे. सातवाहनांच्या नाण्यांवरचा कमानींचा पर्वत पाहिलेल्या मराठी माणसाला हे चिन्ह मुळीच परके वाटत नाही.

काल्सीच्या शिळेसमोर उभे राहिल्यावर त्या नाण्यावरील दोन लिप्यांचे महत्त्व खऱ्या अर्थाने ध्यानात आले. शिळेवरचा मजकूर ब्राह्मीत आहे, बाजूला हत्तीची रेखाकृती आणि तिच्याखाली ‘गजतमे’ ही अक्षरे आहेत, आणि तेराव्या लेखात अंतियोक, तुरमाय अशा यवन (ग्रीक) राजांची नावे येतात. म्हणजे इथल्या वाचकाला ब्राह्मी पुरेशी होती. त्यानंतर दीडशे-दोनशे वर्षांनी अमोघभूती खरोष्ठीची जोड देतो आणि चांदीचे वजनही इंडो-ग्रीक नाण्यांच्या जवळपास ठेवतो, ते माझ्या मते पश्चिमेकडील, पंजाबातील बाजारपेठ डोळ्यांसमोर ठेवूनच. डोंगरातला राजा म्हणजे जगापासून तुटलेला, ही आपली समजूत या दोन ग्रॅम चांदीपुढे टिकत नाही.

अर्थात नाण्यांच्या साक्षीलाही मर्यादा आहेत. चांदी व्यापाऱ्यांबरोबर दूरवर जाते, त्यामुळे ती सापडली तिथवर राज्य होते असे म्हणता येत नाही. तांब्याची नाणी सहसा घराजवळच फिरतात, म्हणून त्यांची साक्ष मला अधिक भरवशाची वाटते. शिवाय अमोघभूतीच्या नावाची नाणी इतक्या निरनिराळ्या घडणीची आहेत, की त्याच्यानंतरही ती पाडली जात असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. पुढच्या काळातील तांब्याच्या नाण्यांवर तर राजाचे नावच दिसत नाही. तिथे येतो भगवान चत्रेश्वर, म्हणजे शिव.

काल्सीजवळच्या जगतग्रामला १९५२ ते १९५४ दरम्यान झालेल्या उत्खननात अश्वमेधाच्या विटांच्या वेदी उघडकीस आल्या. विटांवरच्या लेखांत युगशैलाचा राजा शीलवर्मा स्वतःची ओळख करून देतो. त्याचा काळ साधारण तिसरे शतक. तो कुणिंदच होता असे विटा सांगत नाहीत, आणि तसे गृहीत धरण्याची घाई मीही करणार नाही. मात्र यमुनेच्या वरच्या अंगाला, उत्तरकाशी जिल्ह्यातील पुरोला येथे गरुडाच्या आकाराच्या अशाच एका वेदीच्या उत्खननात कुणिंदांचे तांब्याचे नाणे मिळाले आहे. पुढचा मुक्काम त्यासाठीच पुरोल्याला ठेवला.