तुम्ही विचारलंत म्हणून: फर्म का सोडली

लग्नाच्या पंगतीत विचारतात, पुण्यात बिबवेवाडीला सीएंच्या सेमिनारच्या चहाला विचारतात, आर्टिकलशिपला, म्हणजे सीए होण्याआधीच्या उमेदवारीला, माझ्याकडे आलेल्या मुली तर दुसऱ्याच आठवड्यात विचारतात: "मॅडम, तुम्ही एवढ्या मोठ्या सीए फर्ममध्ये होतात, पार्टनर व्हायच्या ऐन वेळी सोडलंत कसं काय?" बारा वर्षं मी माणूस बघून उत्तर देत आले. क्लायंटना सांगते, स्वतःचं काहीतरी करायचं होतं. नातेवाइकांना सांगते, मुलगी लहान होती; ते त्यांनी आधीच ठरवलेलं असतं, मी फक्त मान डोलावते. ८ मार्चला साडी नेसवून स्टेजवर बसवतात, तेव्हा तिसरंच काहीतरी बोलते आणि बुके घेऊन घरी येते. आता एकदाच सविस्तर लिहिते. पुन्हा कुणी विचारलं तर हेच वाचायला देईन.

आधी तुमचे अंदाज निकालात काढू. नवऱ्याने आडकाठी केली नाही. सासूबाईंनी तर नाहीच नाही. फर्ममध्ये कुणी वेडंवाकडं बोललं नाही, वाईट वागलं नाही. सर, म्हणजे फर्मचे सिनिअर पार्टनर, आजही भेटले तर मी वाकून नमस्कार करते आणि तो मनापासून असतो. तसं काही घडलं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं.

मी १९९८ मध्ये आर्टिकल म्हणून तिथे लागले, २००१ ला पास झाले आणि तिथेच राहिले. २००४ पासून कोल्हापूरची एक फौंड्री, म्हणजे लोखंड वितळवून ओतकाम करणारा कारखाना, ऑडिटसाठी माझ्याकडे होती. शिरोलीला उतरायचं, आठ-दहा दिवस मुक्काम, कंपनीच्या गेस्ट हाउसला जेवण. मला ते काम भयंकर आवडायचं. भट्टीत किती टन पिग आयर्न (कच्चं लोखंड) नि भंगार गेलं, कास्टिंग म्हणजे ओतीव माल किती बाहेर आला, वितळताना घट किती, हे जमवताना कारखाना डोळ्यांसमोर उभा राहतो. वजनकाट्यावरच्या माणसाशी दोन शब्द नीट बोललं की ताळेबंदात दिसत नाही ते कळतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, तिथे जाऊन जाऊन कळलं.

२०१० मध्ये मुलगी झाली. तेव्हा कायद्याने रजेचे बाराच आठवडे मिळायचे. सव्वीस झाले २०१७ मध्ये. बारा आठवड्यांनी कामावर हजर झाले. ऑडिटचा सप्टेंबर जवळ आला तशी सासूबाईंनी आपणहून शेंगदाण्याची चटणी कुटून डब्यात भरली, मी कोल्हापूरला न्यायची म्हणून. आणि सरांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "तुला आता आउटस्टेशन नको. फौंड्रीला त्याला पाठवतो. तू पुण्यातले क्लायंट बघ." तो म्हणजे माझ्याच हाताखाली आर्टिकलशिप केलेला मुलगा, माझ्याहून सहा वर्षांनी लहान.

मी काय म्हणाले? "थँक यू सर." पुढच्या आठवड्यात ऑफिसात चितळ्यांचे पेढेही वाटले, मुलीचे द्यायचे राहिले होते. चटणी आम्ही घरी खाल्ली. सासूबाई म्हणाल्या, "का गं, यंदा नाही?" मी म्हणाले, सरांनी सोय बघितली माझी. त्यांचा चेहरा मला तेव्हा वाचता आला नाही.

आता ज्या रात्रीमुळे मी हे लिहिते आहे ती. २०१२. टॅक्स ऑडिटची ३० सप्टेंबरची तारीख आणि गणपती दरवर्षी एकमेकांच्या अंगावर येतात. त्या वर्षी गणपती बसले १९ तारखेला. आमच्याकडे पाच दिवसांचा. रात्री साडेनऊला मी ओट्यापाशी मोदकपात्र घासत होते, तर फौंड्रीवरून त्या मुलाचा फोन. मागून मोठमोठ्याने हसण्याचे आवाज येत होते. गेस्ट हाउसला तांबडा-पांढरा चालला होता, सर आणि मालक जेवत होते आणि हा बाहेर व्हरांड्यात येऊन बोलत होता. "मॅडम, मेल्टिंग लॉस सात टक्क्यांच्या वर जातोय. चालेल ना? ते म्हणतात यंदा भंगार खराब आलं."

मी म्हणाले, चालणार नाही. माझ्या वेळी तो साडेचारच्या वर कधी गेला नव्हता. मग अर्धा तास, फोन खांद्यात धरून, साबणाच्या हातांनी, मी त्याला सांगितलं: रनर-रायझर (ओतताना कास्टिंगला चिकटून राहिलेलं जादा लोखंड) तोडून परत भट्टीत जातात त्यांच्या वजनाच्या चिठ्ठ्या माग. भट्टीत टाकताना वजन होतं, पण तोडल्यावर होत नसेल तर तेवढा माल घट म्हणून दिसेल. महिन्यावार लाव. कुठल्या महिन्यापासून चिठ्ठ्या नाहीत ते बघ. त्याला तक्ता जमेना, म्हणून भांडी तशीच ठेवून मी कॉम्प्युटर लावला आणि एक्सेलची शीट करून पाठवली. घाईत "रिटर्न" या इंग्रजी शब्दातली दोन अक्षरं उलटी टाइप झाली. पाठवल्यावर दिसलं, म्हटलं जाऊ दे. साडेअकरा वाजले होते. मुलगी गणपतीसमोरच्या सतरंजीवर झोपून गेली होती.

दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला: सापडलं. जूनपासून चिठ्ठ्याच नव्हत्या आणि काही माल हिशोबाबाहेर गेला होता. मालकांनाही ठाऊक नव्हतं. मला आनंद झाला. खरंच झाला, हे मुद्दाम लिहिते.

मार्च २०१३. १ एप्रिलपासून नवा पार्टनर घ्यायचा होता. सरांनी केबिनमध्ये चहा मागवला, दार लावून घेतलं आणि त्याचं नाव सांगितलं. "तुझाही विचार झाला," म्हणाले. "पण पार्टनरला क्लायंट सांभाळावे लागतात, रात्री-अपरात्री जावं लागतं. तुझ्या मागे घर आहे. आणि हे बघ, त्याने फौंड्रीत काय पकडलं." त्यांनी फाइल माझ्यापुढे सरकवली. पान उघडंच होतं. माझी शीट. "तयार केले" या रकान्यात त्याची आद्याक्षरं, "तपासले"मध्ये सरांची. आणि चौथ्या स्तंभाच्या डोक्यावर ती उलटी पडलेली दोन अक्षरं, तशीच.

मी ते पान बघितलं, चहा संपवला आणि म्हणाले, "छान काम केलंय त्याने."

तुमचा प्रश्न असतो फर्म का सोडली. माझा स्वतःला प्रश्न आहे तो या वाक्याचा. छत्तीस वर्षांच्या मला मी आजही धरून विचारते: बोलली का नाहीस? ती म्हणते, काय बोलणार होते? फोनवर सांगितलं त्याचा हिशोब मागणार? सिनिअरने ज्युनिअरला सांगायचंच असतं. मी म्हणते, सांगणं निराळं आणि शीट करून देणं निराळं. ती म्हणते, मग दोन वर्षांपूर्वी पेढे कुणी वाटले? इथे माझी बोलती बंद होते. त्यानेही तोंड उघडलं नाही, हे खरं. पण तो लबाड नाही. माझा अंदाज आहे की सहा महिन्यांत त्याला ते आपलंच वाटायला लागलं असेल. व्हरांड्यात उभा राहून फोन त्याने केला होता, वजनकाट्यावर गेला तो होता, मालकांसमोर बसून सांगितलंही त्यानेच. मी नव्हते तिथे.

जूनमध्ये मी राजीनामा दिला.

आमच्या पेशाचा इतिहास काढला तर गंमत वाटते. लंडनमध्ये मेरी हॅरिस स्मिथ यांनी १८९१ मध्ये इंग्लंडच्या चार्टर्ड अकाउंटंट संस्थेकडे सभासदत्व मागितलं. बाई म्हणून नाकारलं. बायकांना असे पेशे खुले करणारा १९१९ चा कायदा आला आणि १९२० मध्ये त्यांना ते मिळालं, तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी गाठली होती. आपल्याकडे मद्रासच्या आर. शिवभोगम १९३३ मध्ये परीक्षा पास होऊन देशातल्या पहिल्या महिला अकाउंटंट झाल्या, तेही स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगवास भोगून. त्या बायकांपुढे माझं रडगाणं किरकोळ आहे, मान्य. पण हॅरिस स्मिथबाईंना "नाही" तोंडावर ऐकायला मिळालं होतं. त्या निदान भांडू शकल्या. माझी तर काळजी घेतली गेली. आपली काळजी घेणाऱ्याशी भांडायचं कसं, ते कुठल्याच पेपरला नव्हतं.

आकड्यांचं म्हणाल तर आर्टिकलशिपला आता मुलींचा दुष्काळ नाही, माझ्याकडे तर अर्ज त्यांचेच जास्त. आपली सीएंची संस्था १९४९ ची. तिच्या अध्यक्षपदी आजवर बाई बसलेली नाही. आणि २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक कंपन्यांना एक महिला संचालक सक्तीची केली, तेव्हा मलाही एका क्लायंटने विचारलं होतं: "मॅडम, नाव देता का तुमचं? काम काही नाही." शेवटी त्याने आपल्या सुनेचं लावलं. जाऊ दे.

"पण आता स्वतःचं ऑफिस, वेळ आपल्या हातात!" असं म्हणणाऱ्यांना मी सप्टेंबरात ऑफिसला बोलावते. दोन खोल्या, चार माणसं, सोसायट्यांची ऑडिट, जीएसटी, लहान कारखाने. मिळकत त्याच्या निम्मीही नसेल. पण सही माझी. २०१९ पासून प्रत्येक सहीला अठरा आकड्या-अक्षरांचा यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, घ्यावा लागतो, आणि सगळे त्याला वैतागतात. मी नाही वैतागत.

इथेच थांबले असते तर मी फार बरी दिसले असते. पण २०२२ चं सांगायला हवं. चाकणच्या एका क्लायंटकडे ३१ मार्चला स्टॉक मोजायला माणूस पाठवायचा होता. माझ्याकडची हुशार मुलगी नुकतीच बाळंतपणानंतर परतली होती. (रजा मी तिला तीन महिने पगारी दिली, सहा नाही. दहापेक्षा कमी माणसं असली की ऑफिसला तो कायदा लागत नाही, आणि त्या आडोशाला मी उभी राहिले.) चाकणला मी ऑफिसातल्या मुलाला पाठवलं. दुसऱ्या दिवशी ती टेबलापाशी आली. "मॅडम, मला विचारलं नाहीत."

मी म्हणाले, "अगं, तुझीच सोय बघितली."

तोंडातून वाक्य गेलं आणि मला सरांच्या केबिनमधल्या चहाचा वास आला.

सरांनी २०१० मध्ये विचारलं असतं तर मी गेले असते का? पंधरा वर्षं मी "हो" म्हणत आले. चटणीचा डबा तयार होता, हा माझा पुरावा. पण तीन-चार महिन्यांचं अंगावर पिणारं बाळ टाकून आठ दिवस शिरोलीत? हल्ली रात्री दोन वाजता विचार केला तर उत्तर वेगळं येतं, आणि सकाळी ऑफिसला जाताना पुन्हा "हो" येतं.

यंदा मार्चच्या पहिल्याच आठवड्यात मी तिला बोलावून विचारलं, चाकणला जाशील का. ती म्हणाली, "यंदा नाही जमणार मॅडम, पोराच्या शाळेचं आहे." ठीक आहे म्हटलं आणि ऑफिसातल्या मुलाचं नाव लिहिलं. लिहिताना मला हायसं वाटलं. तिने ते पाहिलं की काय, कोण जाणे.