झडीचा दिवस आणि सह्याद्री

काल रात्रीपासून झड लागलीये, वावरात पाय ठेवला तर गुडघ्यापर्यंत चिखल, वापसा नाही म्हणजे निंदणीपण नाही, बायांना सकाळीच निरोप देऊन टाकला की आज येऊ नका. मग दिवसभर सगळे घरात आणि टीव्हीवर सह्याद्री. आमच्याकडे डीडी फ्री डिशची छत्री आहे, एकदा बसवली की महिन्याच्या रिचार्जची कटकट नाही, आणि रिमोट आबांकडे, त्यामुळे दुसरं काही लागायचा प्रश्नच नाही. एरवी कामाच्या गडबडीत तुकडे तुकडे कानावर पडतात, आज मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत बसून बघितलं म्हणून लिहून ठेवतोय.

सकाळी अभंग, मग बातम्या. त्यानंतर डॉक्टरांना फोन लावून विचारायचा कार्यक्रम लागला, विषय शुगरचा. कोणीतरी फोन करून विचारलं की पायाची जखम महिना झाला भरत नाहीये. डॉक्टरांनी एकदम शांतपणे समजावलं की शुगर जास्त राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, काटा रुतला तरी कळत नाही, म्हणून अनवाणी चालायचं नाही आणि रोज रात्री तळपाय नीट बघायचे, स्वतःला दिसत नसेल तर घरातल्याला बघायला सांगायचं. माय स्वयंपाकघरातून पिठाचे हात तसेच घेऊन दारात येऊन उभी राहिली. तिला शुगर आहे आणि ती आयुष्यभर वावरात अनवाणीच फिरत आलीये. आम्ही किती वेळा सांगितलं, ऐकलं नाही, आज संध्याकाळी पुतणीला समोर बसवून बॅटरीच्या उजेडात तळपाय तपासून घेतले. मला खरंच भरून आलं. दवाखान्यात दोन मिनिटांत गोळ्या लिहून देतात, इथे पंधरा मिनिटं तेच तेच मराठीत, साध्या शब्दांत, कोणालाही न हिणवता सांगितलं.

दुपारी जुन्या संग्रहातलं ब्लॅक अँड व्हाइट काहीतरी दाखवलं. आबा सांगत होते की मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, रंगीत टीव्ही १९८२ मध्ये आला, तोवर सगळं असंच करडं. आमच्या काकू शिरपूरच्या, त्यांना जुन्या दूरदर्शनचा विषय निघाला की स्मिता पाटील आठवते. सिनेमात मोठी व्हायच्या आधी ती मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायची, आणि वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, म्हणजे तापी ओलांडली की तिचं गाव. काकू हे सांगतात तेव्हा त्यांचा आवाजच बदलतो, आपल्या भागातली पोरगी मुंबईच्या टीव्हीवर बातम्या सांगत होती हे काय कमी आहे का.

मध्ये थोडा वेळ डीडी न्यूज लावलं, शेजारच्या मुलासाठी. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. खुणांच्या भाषेतल्या बातम्या लागल्या की तो पुढे सरकून बसतो, कोणाला हलू देत नाही. आज पुराची बातमी होती, त्याने दोन्ही हातांनी पाणी वर चढतंय असं करून आम्हाला आधी सांगितलं, आणि आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो, पडद्याकडे नाही. एरवी घरात तोच सगळ्यांना विचारत असतो काय झालं काय झालं. त्याच्यासाठी बातम्या बनवून कोणाला जाहिरातींचे पैसे मिळणार आहेत? तरी बनवतात. मला या चॅनलांबद्दल जे वाटतं ते हेच आहे, इथे बघणारा माणूस काय विकत घेईल हे आधी मोजत नाहीत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पण तेच झालं, शाळा बंद, गावात नेटची रेंज नाही, तेव्हा सह्याद्रीवर 'टिलीमिली' लागायचं, पहिली ते आठवीच्या पोरांसाठी, घरातल्या नि अंगणातल्या वस्तू घेऊन शिकवायचे. पुतणी तेव्हा लहान होती, ती ओसरीवर चिंचोके मांडून बसायची. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता अशा घरांचा विचार कोणीतरी केला होता ना.

संध्याकाळी आबांचा कार्यक्रम, 'आमची माती आमची माणसं'. तेव्हा घरात कोणी बोलायचं नाही. आज कपाशीवरची गुलाबी बोंडअळी. शास्त्रज्ञाने डोमकळी जवळून दाखवली, फूल पूर्ण उमलत नाही, पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या चिकटलेल्या, आत अळी, ती तोडून नष्ट करायची. हेक्टरी ५ कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढून पकडणारे, आणि एका सापळ्यात रोज ८ पतंग असे सलग ३ रात्री दिसले तर समजायचं की आता फवारणीचा निर्णय घ्यायची वेळ आली, त्याआधी नुसत्या भीतीने औषध मारत सुटायचं नाही. माय मध्येच म्हणाली, "काय सांगी ऱ्हायना तो?" आबा लगेच, "चूप बस, माले ऐकू दे." नंतर त्यांनीच तिला सगळं पुन्हा समजावून सांगितलं, अहिराणीत, आणि खरं सांगतो, टीव्हीपेक्षा जास्त चांगलं सांगितलं.

तिथेच मला खटकतं. पिकांचे विषय आमचे, कपाशी आमची, केळी आमची, पण भाषा नेहमी पुण्या-मुंबईची. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून एवढा मोठा पट्टा, लाखो लोक घरात अहिराणी बोलतात, रावेर-यावलकडे लेवा बोली, मग आठवड्यातून अर्धा तास तरी आमच्या बोलीत हवा ना. केळीवरच्या करप्याबद्दल बागेत उभा राहून बोलणारा शेतकरी त्याच्याच बोलीत बोलू दे, खाली मराठीत लिहून द्या. कानबाईच्या सणाचे रोट, भरीताच्या पार्ट्या, हे सणासुदीला दोन मिनिटांच्या बातमीत उरकू नका. सरकारी पैशावर चालणारं चॅनल आहे, आम्ही हे नाही मागायचं तर कोणाकडे मागायचं.

रात्री शास्त्रीय गाणं लागलं होतं, पण मी पत्र लिहायला बसलो होतो, वरळीच्या केंद्राला. मजकूर वरचाच. आबांनी वाचून एक ओळ वाढवायला लावली, की कापसाचा कार्यक्रम मे महिन्यात, लागवडीच्या आधीपण एकदा दाखवा. उद्या झड उघडली तर पोस्टात टाकेन आणि येताना सापळ्यांच्या लूर, म्हणजे आत लावायच्या वासाच्या गोळ्या, घेऊन येईन.