आलंच!

इथे अमेरिकेत धुण्याच्या मशीनला क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरची नाणी, लागतात, म्हणून दुपारी चिल्लरीचा डबा पलंगावर उपडा केला. त्यात २००६ चं नेब्रास्का राज्याचं नाणं निघालं. मागे कापडी छताची बैलगाडी आणि तिच्या अगदी खेटून चिमणी रॉक, तिथला धुराड्यासारखा सुळका. ही मात्र शुद्ध थाप.

एकोणिसाव्या शतकात नॉर्थ प्लॅट नदीच्या काठाने पश्चिमेला, ओरेगनला वस्ती करायला निघालेल्यांना तो सुळका आधी दिसे तो क्षितिजावर खोचलेल्या काडीसारखा. मग दोन-दोन दिवस चाला, काडी तिथेच. दिवसाची मजल पंधराएक मैलांची. गाडीत पीठ, खारवलेलं मांस, अवजारं. माणसं बहुतेक पायीच.

आमच्या लहानपणी हे काम मनमाडजवळची हडबीची शेंडी, असाच एक सुळका, करायची. खिडकीतून ती दिसली की बाबा म्हणायचे, "चला, आलंच!" आई फिरकीच्या तांब्याचं झाकण आवळायची, आम्ही बाकाखाली चपला शोधायला. ट्रंक दारापाशी सरकवून होते न होते तोच गाडी आऊटरला उभी. शेंडी जागच्या जागी, आम्ही जागच्या जागी, बाबा ट्रंकेवर बसून घड्याळाला किल्ली देतायत. तेव्हापासून "आलंच" म्हणणाऱ्यावर माझा काडीचा विश्वास नाही. फोनमधल्या नकाशावर तर नाहीच नाही.

ओरेगनवाल्यांनी निदान तो वेळ रोजनिशीत घातला. त्या वाटेवरच्या रोजनिशांमध्ये सगळ्यात जास्त वेळा येतो तो हाच सुळका. कुणी चित्र काढलं, कुणी त्याच्या मऊ दगडात नाव कोरलं (आपलीच माणसं म्हणायची!). माती, वाळूचा दगड आणि ज्वालामुखीची राख यांचा हा खांब लवकरच कोसळणार, असं भविष्यही काहींनी लिहून ठेवलं. झिजलाय खरा, पण उभा आहे.

आणि तिथे पोचलं म्हणजे पोचलं थोडंच? सुमारे दोन हजार मैलांची वाट, तिचा तिसरा हिस्साही सरलेला नसे. सरलेली ती सपाट, सोपी. डोंगर पुढेच.

कॉलरा मात्र आधीपासूनच सोबत चाललेला. सुळक्याच्या थोडं पुढे, आजच्या स्कॉट्सब्लफजवळ, १८५२ च्या ऑगस्टमध्ये रिबेका विंटर्स गेली. घरच्यांबरोबर सॉल्ट लेकला निघाली होती. थडग्यावर खूण म्हणून गाडीच्या चाकाची लोखंडी धाव पुरली, तिच्यावर नाव कोरलं आणि वय, ५०. पुढे रेल्वेची मोजणी करणाऱ्यांना ती धाव दिसली आणि त्यांनी रूळ जरा बाजूने नेले. शेवटी १९९५ मध्ये थडगंच थोडं हलवावं लागलं. बघायला येणारी माणसं रुळांवर येत होती.