सुतळीने टांगलेली माणसे

विदर्भातल्या कौलारू घरांच्या ओसरीत, दाराच्या वरच्या अंगाला, सुतळीने किंचित पुढे झुकवून टांगलेल्या जुन्या फोटोंत सहसा कोणी हसताना दिसत नाही. लग्नाची जोडी असो वा चार भाऊ असोत, सगळे कोर्टात साक्षीला उभे केल्यासारखे. आमच्या दारव्ह्याकडच्या घरी पणजोबा खुर्चीत आणि पणजी शेजारी उभी असा एक फोटो आहे, त्यात पणजीचे कुंकू चक्क काळे आहे. कारण साधे आहे: त्या काळच्या काचेच्या प्लेटांवर तांबड्या रंगाचा परिणाम फार थोडा होई, म्हणून लाल कुंकू, लाल पटका काळे उतरत आणि निळे आभाळ पांढरेफटक. न हसण्याचेही कारण असेच सांगतात, की प्लेट मंद, तिच्यावर चित्र उमटायला वेळ लागे, उजेड खिडकीतून येईल तेवढाच, आणि तितका वेळ हसू धरून ठेवणे नटालाही जड जावे.

हे अर्धेच खरे असावे, असे मला आउगुस्ट झांडर ह्या जर्मन फोटोग्राफरचे काम पाहून वाटते. हा १८७६ साली जन्मलेला, खाणीवरच्या सुताराचा मुलगा. ऑस्ट्रियातल्या लिंत्स शहरात असताना तोही इतरांसारखे चित्रासारखे धूसर, हौशी ग्राहकाला आवडतील असे फोटो छापत असे. जर्मनीतल्या कोलोन शहरात आल्यावर मात्र त्याने ते सोडले. सायकलवर सामान बांधून तो वेस्टरवाल्ड ह्या डोंगराळ भागातल्या खेड्यांत जाई, शेतकऱ्यांचे फोटो काढी, आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसून देण्याच्या भानगडीत पडत नसे. पुढे त्याने साऱ्या समाजाचे सात गट कल्पिले आणि त्यांत पहिला मान शेतकऱ्याला दिला, ही गोष्ट कापूसपट्ट्यातल्या माणसाला आवडण्यासारखीच आहे.

१९१४ चा त्याचा एक फोटो प्रसिद्ध आहे. नाचाला निघालेले तीन तरुण, सूट, हॅट, हातात काठ्या, मातीच्या वाटेवर थबकून मान वळवून पाहताहेत. फोटोला नाव शेतकऱ्यांचे, पण मागाहून शोध घेतला तेव्हा ते लोखंडाच्या खाणीवर कामाला होते असे निघाले. म्हणजे आपण कसे दिसावे हे त्या तिघांनी घरूनच ठरवून आणले होते, आणि झांडरने ते ठरवणे मोडले नाही. ताठपणा भीतीचा नव्हे, ऐटीचा आहे. पणजोबांनीही कापूस विकल्यावर, नवे धोतर नेसून, अशीच तयारी केली असणार.

झांडरचे ह्या फोटोंचे १९२९ चे पुस्तक नाझींना खपले नाही, त्याच्या छपाईच्या प्लेटा १९३६ साली नष्ट करण्यात आल्या. बॉम्बवर्षावातून वाचलेल्या हजारो निगेटिव्ह १९४६ साली कोलोनच्या तळघरात आगीत गेल्या.

आमच्याकडे आता शेतकऱ्याचा फोटो सेतू केंद्रात, पीककर्जाच्या नाहीतर कुठल्याशा अर्जाच्या निमित्ताने निघतो. मागच्या हंगामात माझ्यापुढे एक म्हातारे रांगेत होते. फोटो काढणारा पोरगा म्हणाला, "बाबाजी, टोपी काढा." त्यांनी टोपी काढली, केस चापले, दुपट्टा सारखा करायला हात उचलला, तोवर पोरगा "झालं" म्हणून मोकळा झाला.

"कसा आला गा फटू? दाखव तं."

"थो सायबाच्या कम्प्युटरात जाते, बाबाजी. चला, पुढचा नंबर."

म्हातारे हलले नाहीत. "मंग पुन्हा काढ," ते म्हणाले, "दुपट्टा नीट नव्हता."