आमची वाटचाल : तेलाच्या पैशातून गेलेले बारा ऑटोक्लेव्ह

अंबरनाथच्या आमच्या शेडमध्ये शिरताच उजव्या हाताला एक पितळी हँडपंप दिसतो. ऑटोक्लेव्हची, म्हणजे दाबाखालच्या वाफेने इस्पितळातील साधने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची, टाकी वेल्ड झाली की तिच्यात पाणी भरून या पंपाने कार्यदाबाच्या दीडपट दाब द्यायचा, तो अर्धा तास धरायचा आणि प्रत्येक सांध्यावरून कोरडा हात फिरवायचा, ही शिस्त माझे पहिले भागीदार, ज्यांना आम्ही सगळे मास्तर म्हणत असू, त्यांनी घालून दिली. इराकमधील बसऱ्याच्या इस्पितळात आमची यंत्रे टिकली ती या पंपामुळे, असे मी आजही मानतो.

कुवेतवरील आक्रमणामुळे इराकवर ऑगस्ट १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध आले. तेलाच्या बदल्यात अन्न व औषधे घेण्याची मुभा सुरक्षा परिषदेने १९९५ च्या ठराव ९८६ ने दिली, तरी त्याखाली तेल निघायला डिसेंबर १९९६ उजाडला. त्या तेलाचे पैसे बगदादच्या हाती न पडता न्यूयॉर्कमधील बँकेत संयुक्त राष्ट्रांच्या खात्यात जमा होत; त्यातून युद्धाच्या नुकसानभरपाईपोटी ३० टक्के कापले जात, उत्तरेकडील कुर्द प्रांतांचा वाटा वेगळा निघे आणि मग आमच्यासारख्यांची एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे माल पोहोचल्यावर पैसे देण्याची बँकेची हमी) उघडली जाई.

१९९९ मध्ये आम्हाला १२ आडव्या ऑटोक्लेव्हचा करार मिळाला. मंजुरी महिन्याभरात येईल या भरवशावर मी कॅश क्रेडिटवर, म्हणजे बँकेच्या उधारीवर, स्टेनलेसचा सगळा पत्रा उचलला, आणि मग होल्ड, म्हणजे मंजुरीला स्थगिती, आला. करार मंजूर करणाऱ्या सुरक्षा परिषदेच्या निर्बंध समितीचा कारभार एकमताने चालत असल्याने एका सदस्य देशाची शंका पुरेशी होती. १२१ अंशांवर कात्र्या आणि ड्रेसिंग निर्जंतुक करणारे यंत्र जैविक शस्त्रांच्या प्रयोगशाळेतही चालेल, ही ती शंका. आम्ही तीन वेळा खुलासे पाठवले, टाकीचे माप दिले, बाहेर पडणाऱ्या वाफेवर जंतू अडवणारा फिल्टर नाही हे नकाशासह दाखवले. चौदा महिने पत्रा शेडमध्ये पडून राहिला, बँकेची नोटीस आली, कामगारांचा दिवाळी बोनस संक्रांतीला गेला, आणि मास्तरांनी मला न विचारता आपली डोंबिवलीची खोली तारण ठेवली. मंजुरीनंतर माल न्हावा शेवाहून इराकच्या उम्म कसर बंदरात उतरला, तेथील स्वतंत्र निरीक्षकांनी तो पोहोचल्याची नोंद केली, तेव्हा कुठे पैसे सुटले.

पुढच्या कराराच्या वेळी इराककडून निरोप आला की किंमत दहा टक्क्यांनी वाढवून लावावी आणि ती वाढ विक्रीपश्चात सेवेच्या नावाने जॉर्डनमधील एका खात्यात भरावी. आम्ही नकार दिला. आमच्याच धंद्यातील एका फर्मने होकार दिला, तो करार घेतला आणि त्यावर दुसरी शेड उभारली. या तेल-अन्न व्यवहारांची चौकशी करणाऱ्या वोल्कर समितीच्या २००५ च्या अहवालात बेकायदा रकमा दिलेल्या कंपन्यांची संख्या २,२०० हून अधिक निघाली. त्यानंतर इराकला माल दिला असे सांगताच समोरच्याचा चेहरा बदलू लागला, आणि न दिलेल्या दहा टक्क्यांची पावती दाखवता येत नाही, याचे शल्य मला अजून आहे.

नव्या निर्यातदारांना सांगतो, एलसी हाती आल्याशिवाय पत्रा उचलू नका आणि दरवाजाची गॅस्केट (वाफ अडवणारी रबरी कडी), सेफ्टी व्हॉल्व्ह, हीटर हे सुटे भाग मूळ करारातच घाला. आम्ही ते घातले नव्हते, आणि वेगळा करार म्हणजे मंजुरीची पुन्हा तीच रांग. बसऱ्याचे अभियंता साहेब त्या काळात फॅक्सवर विचारत की फाटलेली गॅस्केट सायकलच्या ट्यूबने कशी सांधावी, आणि मास्तर रेखाटन काढून उत्तर देत.

तेलाच्या बदल्यात अन्न-औषधांचा हा कार्यक्रम नोव्हेंबर २००३ मध्ये संपला. पुढच्या वर्षी त्याच साहेबांनी दुबईच्या एका दुकानदारामार्फत सातव्या यंत्राच्या पाटीचा फोटो पाठवून दोन गॅस्केट मागितल्या. मास्तरांनी चार कापल्या. दोन दुबईला गेल्या, दोन आजही सात क्रमांकाची चिठ्ठी लावून मांडणीवर ठेवलेल्या आहेत.